कराटेचा क्लास लावण्याआधी एक तास भिंतीला टेकून बसा

सोसायटीचा हॉल, शाळेचं पटांगण, मंदिराचा सभामंडप, कुणाची तरी गच्ची. महाराष्ट्रात कराटेचा क्लास कुठेही भरतो, त्यामुळे जागा बघून काही कळत नाही. भिंतीवरच्या पदकांवरून आणि बॅनरवरच्या उडत्या किकवरून तर मुळीच नाही. क्लास कसा आहे ते कळतं एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी, पिवळ्या पट्ट्याची पोरं एकच ठोसा चाळिसाव्यांदा मारत असतात तेव्हा. त्या वेळी सर रांगांमधून फिरतायत की खुर्चीत बसून मोबाईल बघतायत? म्हणून पैसे भरण्याआधी एक अख्खा तास बसून बघायचा. फुकटचा एक तास 'ट्रायल' म्हणून स्वतः करून बघण्यापेक्षा नुसतं बघण्याने जास्त कळतं, कारण स्वतः करताना दम इतका लागतो की बाकी काही दिसत नाही.

'पारंपरिक' म्हणजे नेमकं काय

हा शब्द बोर्डावर सगळेच लिहितात. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा, की किहोन (मूळ तंत्रं), काता (ठरलेल्या क्रमाचा एकट्याने करायचा सराव) आणि कुमिते (जोडीदाराबरोबरची लढत) ही तिन्ही एकमेकांना धरून शिकवली जातात. कातामधली हालचाल कशासाठी आहे, म्हणजे तिची बुंकाई, तीही दाखवली जाते. स्पर्धेच्या कराटेत काता करणारे वेगळे आणि कुमिते खेळणारे वेगळे पडतात. पारंपरिक आणि स्पर्धेच्या कराटेत भिंत मात्र नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या कातात सुवर्णपदक घेणारे र्‍यो कियुना हे कराटेचं माहेर असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटाचेच, तिथल्या र्‍यूएई-र्‍यू परंपरेतले.

थोडा इतिहास इथे कामाचा आहे. ओकिनावातले गुरू इतोसु आन्को यांनी १९०१ मध्ये तिथल्या शाळांत कराटे आणलं आणि मुलांसाठी पिनान नावाचे पाच सोपे काता रचले. फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये ते टोकियोला घेऊन गेले आणि तिथे ते विद्यापीठांत रुजलं. रांगेत उभं राहायचं, आकड्यावर एकत्र ठोसा मारायचा, ही आज आपल्याला 'पारंपरिक' वाटणारी पद्धत बरीचशी या शाळा-कॉलेजांतून आलेली आहे. शंभर मुलांना एकदम शिकवायला ती सोयीची. पण त्यात जोडीने करायची बुंकाई मागे पडते. आजच्या क्लासमध्ये ती शिल्लक आहे का, हे तपासायचं ते यासाठी.

शैलीचा प्रश्न दुय्यम आहे, तरी फरक माहीत असावा. फुनाकोशींच्या परंपरेतल्या शोतोकानमध्ये स्टान्स, म्हणजे पायांची ठेवण, लांब आणि खाली, हालचाल बरीचशी सरळ रेषेत. गोजू-र्‍यू जवळून लढणारी शैली: आखूड सान्चिन स्टान्स, श्वासावर भर, गोलाकार हात. त्यांच्याकडे चि-इशी असते, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवलेलं दगडाचं वजन. आपल्या तालमीतल्या मुद्गलाचा चुलतभाऊच म्हणा. शितो-र्‍यूचं नाव माबुनी केन्वा यांनी इतोसु आणि हिगाओन्ना या आपल्या दोन गुरूंच्या नावांतली अक्षरं जोडून केलं. दोन्हींकडची विद्या एकत्र आल्यामुळे तिथे कातांची संख्या मोठी. वादो-र्‍यूमध्ये जुजुत्सूचा (पकडी-फेकींच्या जपानी युद्धकलेचा) अंश आहे, वार अडवण्यापेक्षा अंग बाजूला काढण्यावर जोर. क्योकुशिन फुल कॉन्टॅक्ट: चेहऱ्यावर हाताने ठोसा चालत नाही, डोक्याला लाथ चालते, आणि मांड्या काळ्यानिळ्या होतात.

घरापासून पंधरा मिनिटांवर चांगला शिक्षक असेल तर शैलीवर डोकं खाजवू नका. आवडत्या शैलीसाठी दीड तास लोकल-रिक्षा करणारे बहुतेक दिवाळीपर्यंतच टिकतात.

तो एक तास

फोन करून सांगा: 'क्लास बघायला यायचंय, बसलं तर चालेल का?' 'आधी ॲडमिशन घ्या, मग बघा' असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. परीक्षेचा किंवा प्रात्यक्षिकाचा दिवस टाळा. नेहमीचा दिवस हवा.

पहिली दहा-बारा मिनिटं वॉर्म-अप. अंग हळूहळू गरम करत नेतात का ते बघा: जागच्या जागी धावणं, खांदे-कंबर-घोटे मोकळे करणं, मग पाय झुलवणं. बेडूकउड्या मारत किंवा उकिडवं चालत हॉलला चकरा, मान गरगर फिरवणं, थंड अंगाने मुलाचे पाय फाकवून मागून दाबणं, हे दिसलं तर समजा की सरांनी जे स्वतः सोसलं तेच ते पुढे देतायत. खडबडीत काँक्रीटवर लहान मुलांकडून मुठीवर जोर काढून घेणं, 'शिस्त' म्हणून पाणी प्यायला न देणं, हे त्याच माळेतलं.

मग रांग लागते. सरांचा स्वतःचा काता कितीही देखणा असो, त्याकडे बघू नका. बघायचं ते दोन वर्षं झालेल्या विद्यार्थ्यांकडे, साधारण हिरव्या-निळ्या पट्ट्याच्या आसपास. पट्ट्यांचे रंग क्लासप्रमाणे बदलतात, म्हणून शेजारी बसलेल्या पालकांना विचारून घ्या. या मुलांची मागची टाच जमिनीला आहे का? ठोसा मारताना खांदा कानाकडे चढतो का? मनगट सरळ आहे का? दोन वर्षांनी तुम्ही तिथे असाल. पहिल्या रांगेतला एखादा चमकणारा मुलगा काही सिद्ध करत नाही, तो कुठेही चमकला असता.

सगळ्यात बोलका भाग जोडीच्या सरावाचा. गोहोन कुमिते बहुतेक शोतोकान क्लासमध्ये होते. एकजण पाच पावलं पुढे टाकत चेहऱ्यावर पाच ठोसे मारतो, दुसरा पाच पावलं मागे जात आगे-उकेने ते वर उडवतो आणि पाचव्यानंतर उलट ठोसा मारून किआई करतो, म्हणजे जोरात ओरडतो. आता बाजूने बघा. हल्ला करणाऱ्याची मूठ खरोखर समोरच्याच्या तोंडापर्यंत पोहोचेल अशी येते, की वीतभर अलीकडेच थांबते? समोरच्याने ब्लॉक केलाच नाही तर ठोसा लागेल का? बऱ्याच क्लासमध्ये नाही लागणार. मूठ कानाच्या बाजूने हवेत जाते, ब्लॉक करणारा जिथे काही आलेलंच नाही तिथे हात उचलतो, आणि दोघांनाही वाटतं छान जमलं. याला अंतराची खोट म्हणतात. ती चार वर्षं मुरली की काढायला फार जड जाते. चांगला शिक्षक इथे जोडी थांबवतो, हल्ला करणाऱ्याला अर्धं पाऊल पुढे आणतो आणि वेग कमी करायला सांगतो. अंतर खरं, वेग कमी. नवशिक्यांसाठी हा क्रम.

चूक झाल्यावर काय होतं तेही टिपून ठेवा. हसं होतं, उठाबशा मिळतात, की चूक नेमकी दाखवली जाते? 'जोर लगाव' ही दुरुस्ती नव्हे. 'मागचा गुडघा ताण, मग कंबर फिरव' ही दुरुस्ती.

सरांना विचारायचे प्रश्न

तास संपल्यावर अदबीने विचारा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

तुमचं ग्रेडिंग (पट्ट्याची परीक्षा) कुणी घेतलं, कोणत्या वर्षी, कोणत्या संघटनेचं? आणि अजून कुणाकडे शिकता? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. वरिष्ठांकडे किंवा शिबिरांना अजून जाणारा शिक्षक स्वतःच्या चुका ऐकून घेत असतो. कमी वयात आठवा-नववा दान (काळ्या पट्ट्यातली फार वरची श्रेणी), स्वतःच काढलेली संघटना, अध्यक्षही स्वतःच आणि प्रमाणपत्रावर सहीही स्वतःचीच, असं असेल तर त्या कागदाला घरच्या लग्नपत्रिकेइतकंच वजन.

मग एक तांत्रिक प्रश्न. शोतोकानचा क्लास असेल तर हेइआन शोदानची, म्हणजे तिथल्या पहिल्या काताची, चौथी हालचाल काढा: पुढचा उजवा पाय थोडा मागे ओढून, हात वर्तुळात फिरवून मूठ हातोड्यासारखी वरून खाली मारतात, ती. 'हे कशासाठी, सर?' जाणकार माणूस बोलत बसत नाही. तो म्हणतो, 'माझं मनगट धर,' आणि पाय मागे घेत हात सोडवून तीच मूठ तुमच्या मनगटावर किंवा कॉलरबोनपाशी अलगद आणून थांबवतो. 'काताच तसा आहे' एवढंच उत्तर मिळालं तर बुंकाई तिथे नाही. मग व्यायाम म्हणून क्लास लावा, हरकत नाही. स्वसंरक्षण म्हणून मात्र नको.

संघटनांच्या मान्यतेचा विषय आपल्याकडे गुंतागुंतीचा आहे. संघटना अनेक, मान्यता बदलत्या, आणि प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर एक गोल पृथ्वी असतेच. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी स्पर्धा खेळायची असेल तर प्रवेश फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन 'ही स्पर्धा धरतात का' एवढं विचारा. नावात 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असलेल्या बऱ्याच खुल्या स्पर्धा त्यात बसत नाहीत, आणि ते निकालाच्या वेळी कळतं.

पैशांचं: महिन्याची फी विचारून थांबू नका. एका कागदावर वर्षाचा हिशेब मागा. प्रवेश, ड्रेस, दर परीक्षेची फी आणि वर्षाला परीक्षा किती, प्रमाणपत्र, संघटनेची वार्षिक वर्गणी, शिबिर, स्पर्धा, ग्लोव्हज आणि शिन गार्ड. महिन्याची फी कमी ठेवून परीक्षांवर क्लास चालवणं ही सर्रास पद्धत आहे. 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट' अशी हमी किंवा दोन-तीन वर्षांची फी एकरकमी, यापैकी काहीही ऐकलं की चप्पल घालायची.

मुलांसाठी थोडं जास्त बघावं लागतं. सहा-सात वर्षांच्या आधी कराटे म्हणजे उड्या-खेळच, तेवढीच अपेक्षा ठेवा. पालकांना कधीही येऊन बसता आलं पाहिजे. 'पालक असले की मुलं लक्ष देत नाहीत' हे कधीमधी खरं असतं, पण कायमची दारबंदी चालवून घेऊ नका. अंगाला हात लावून स्टान्स दुरुस्त करणं कराटेत होतंच. ते सगळ्यांसमोर, सांगून आणि कोपर-गुडघा-पाऊल एवढ्यापुरतं असावं. कपडे बदलायला मुलींसाठी वेगळी जागा, बाहेरगावच्या स्पर्धेला मुली जात असतील तर सोबत बाई, आणि मुक्कामाचा पत्ता लेखी. हे मागायला संकोच नको. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे हेही विचारा. तिच्यातल्या बँडेजवर किती धूळ आहे त्यावरून बरंच कळतं.

पहिले तीन महिने

ड्रेस लगेच घेऊ नका, पहिला महिना ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो. घ्याल तेव्हा हलक्या कापडाचा, साधारण ८ औंसाचा. १२-१४ औंसाचा जाड सुती ड्रेस ठोशाला 'फट्' असा छान आवाज देतो, पण मे महिन्यातल्या हॉलमध्ये तो अंगावर ओली गोधडी होतो. सुती ड्रेस पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून आधी गार पाण्यात धुवून वाळवा आणि मगच पँट खालून दुमडून शिवा. पट्टा बांधताना मधला भाग बेंबीवर धरून दोन्ही टोकं मागून पुढे आणा. वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून वर काढा, मग गाठ मारा. टोकं सारखी लोंबली पाहिजेत, आणि मागे दोन थर एकावर एक सपाट बसले पाहिजेत.

मूठ. ही रोज चुकते आणि रोज दुरुस्त करावी लागते. हात पुढे उघडा धरा. करंगळीच्या बाजूने सुरुवात करून बोटं आधी मधल्या पेरांत दुमडा, मग टोकं तळव्यात घट्ट रुतवा. अंगठा बाहेरून, पहिल्या दोन बोटांवर आडवा. आत कधीच नाही, आत ठेवला तर पहिल्याच जोराच्या ठोशाला तो दुखावतो. आता तर्जनी आणि मध्यमेच्या मुळाची दोन हाडं कोपरापासून आलेल्या रेषेत आली पाहिजेत. मनगटावर फूटपट्टी ठेवून बघा, मध्ये पोकळी दिसली तर मनगट वाकलंय. अनामिका-करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडतं. रागात भिंतीवर मूठ मारणारे नेमके हेच मोडून घेतात.

झेन्कुत्सु-दाची, म्हणजे पुढे झुकतं वजन असलेला लांब स्टान्स. घरी दोन बाय दोनची फरशी असेल तर वेगळी मोजपट्टी लागत नाही, कारण ती साधारण ६० सेंटिमीटरची असते. मोठ्या माणसाला पायांमधली लांबी ७५-८० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फरशी. रुंदी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी फरशी. पुढचा गुडघा वाकवा, खाली बघितल्यावर तो अंगठ्याच्या टोकापर्यंत यावा, त्यापुढे नको. मागचा पाय ताणलेला, मागचं पाऊल शक्य तितकं पुढे वळवलेलं, टाच चिकटलेली. वजन पुढे ६०, मागे ४० टक्के. नवशिक्यांची नेहमीची चूक रुंदीची: दोन्ही पाय एका रेषेत येतात, डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारखे, आणि बाजूने बोट लावलं तरी तोल जातो. दुसरी, पुढचा गुडघा आत पडतो. गुडघ्यावर ताण येतो तो त्यामुळेच. गुडघ्याची वाटी दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा, महिनाभरात सवय होते. स्टान्स लांब करण्याची घाई नको. आखूड पण बरोबर असला तर वर्षभरात आपोआप खाली जातो.

ठोसा आधी जागेवर शिका. उजवी मूठ बरगड्यांपाशी, तळवा वर. डावा हात समोर. उजवी मूठ सरळ रेषेत निघते, कोपर बरगड्यांना घासून जातं आणि मूठ शेवटच्या काही इंचांत फिरते. त्याच क्षणी डावा हात मागे येतो, याला हिकिते म्हणतात. तो शोभेचा नाही: समोरच्याचा हात किंवा बाही धरून ओढायची ती हालचाल आहे. म्हणून हिकिते सैल असली की सर ओरडतात. कोपर बाहेर फाकतं का ते तपासायला भिंतीला खांदा जवळजवळ लावून उभे राहा आणि भिंतीकडच्या हाताने दहा ठोसे मारा. कोपर भिंतीवर आपटलं तर फाकतंय. हवेत मारताना कोपर खटकन पूर्ण सरळ करू नका. शेवटी स्नायूंनी थांबवा, केसभर वाक शिल्लक ठेवा. 'टेनिस एल्बो झालाय' म्हणून येणाऱ्या कराटेवाल्यांची तक्रार बऱ्याचदा या खटक्याची असते.

माए-गेरी, समोरची लाथ: गुडघा आधी वर, मग पाऊल पुढे, मग पाऊल *मागे* आणि शेवटी खाली. मागे घेणं विसरलं की पाय समोरच्याच्या हातात. लागतं ते बोटांच्या मागच्या गादीने, बोटं वर खेचलेली. बोटं खाली राहिली तर पॅडवरसुद्धा अंगठा मुरगळतो.

पहिला काता: हेइआन शोदान

हालचाली २१, किआई दोन: नवव्या आणि सतराव्या हालचालीला. पूर्ण काता साधारण ४० सेकंदांचा. लोक तो वीस सेकंदांत उरकतात आणि खूश होतात.

शिकायचा क्रम: आधी नुसते पाय, हात कमरेवर. दिशा पक्क्या झाल्या की नुसते हात, उभ्यानेच. मग दोन्ही एकत्र, आकड्यावर. शेवटी तोच काता खोलीतल्या दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून करा. तुम्हाला काता येत होता की खिडकी आणि कपाट बघून वळत होतात, ते लगेच उघडं पडतं.

अडतं ते नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये. तीन आगे-उके झाल्यावर उजवा पाय पुढे असतो आणि डावीकडून मागच्या बाजूने फिरत २७० अंश वळायचं असतं. इथे बहुतेकांचा डावा पाय पुरेसा सरकत नाही, वळून झाल्यावर दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि गेदान-बराई (हात खाली झटकून अडवणं) डगमगते. उपाय: आधी मान वळवून जिकडे जायचं तिकडे बघा, मग डावा पाय नव्या दिशेत अर्धी फरशी रुंद पडेल असा टाका, आणि वजन बसल्यावरच हात पूर्ण करा. आठ-दहा दिवस फक्त हे वळण पंधरा-पंधरा वेळा केलं तरी पूर्ण काता सुधारतो. शेवटच्या चार शुतो-उकेंना (उघड्या हाताच्या कडेने अडवणं) स्टान्स बदलतो: कोकुत्सु-दाची, वजन ७० टक्के मागच्या पायावर, टाचा एका रेषेत. इथे लोक सवयीने पुढे झुकतात.

आठवडा कसा लावायचा

क्लास तीन दिवस. घरी दोन दिवस, वीस मिनिटं पुरे: पाच मिनिटं अंग मोकळं करणं, दोन्ही बाजूंना मिळून ५० ठोसे भिंतीजवळ, झेन्कुत्सु-दाचीत पाच पावलं पुढे आणि पाच मागे असं चारदा, दोन्ही पायांनी २०-२० माए-गेरी, आणि तीनदा काता, ज्यातला एक मुद्दाम संथ. आरशासमोर एकदाच करा. सारखं आरशात बघत राहिलं की मान एका बाजूला अडकते. मोबाईलवर बाजूने काढलेला व्हिडिओ जास्त कामाचा.

माकिवारा, म्हणजे ठोसे मारायची फळी, पहिल्या वर्षात लागत नाही आणि वाढत्या वयाच्या मुलांना तर नाहीच. पुढे लावाल तेव्हा फळी लवचीक हवी: तळाशी जाड, वर निमुळती, ठोसा बसला की थोडी मागे जाऊन परत येणारी. भिंतीला ठोकलेल्या लाकडाच्या तुकड्यावर दोरी गुंडाळली म्हणून तो माकिवारा होत नाही, हातच खराब होतो. सुरुवात हाताला १०-२० ठोशांनी, कातडी लाल झाली की थांबायचं.

पावसाळ्यात फरशी ओलसर असते आणि पाय घामेजलेले. कधी घसरतं, कधी पाऊल चिकटून बसतं आणि वळताना नुसता गुडघा पिळतो. दुसरं जास्त धोक्याचं. हॉल पुसून घ्या. क्लासहून आल्यावर पाय धुवून बोटांमधलं पाणी टिपा, नाहीतर चिखल्या ठरलेल्या. उंची भराभर वाढणाऱ्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर 'सहन कर' म्हणू नका, उड्या आणि लाथा थांबवून डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार बसून गरगरलं किंवा उलटी झाली तर त्या दिवसाचा सराव संपला, आणि थेट दवाखाना. पुन्हा मॅटवर उतरायचं ते डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

परीक्षा आणि पट्टे

बहुतेक ठिकाणी ९ किंवा १० क्यू, म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, असतात, उतरत्या क्रमाने. सुरुवातीला दोन परीक्षांत किमान तीन महिने, पुढे सहा. नेमाने येणाऱ्याला शोदान, म्हणजे पहिला काळा पट्टा, मिळायला चार-पाच वर्षं लागली तर ते नॉर्मल आहे. शोदानचा शब्दशः अर्थच 'पहिली पायरी'. परीक्षेला बसलेले सगळे दर वेळी पास होत असतील तर ती परीक्षा नाही, पावती पुस्तक आहे. नापास झालेल्या मुलाला नेमकं कशात कमी पडलं ते सांगणारा क्लास मिळाला तर तो सोडू नका.

गाव बदललं, बदली झाली, परदेशी गेलात तर सगळी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये सोबत ठेवा. नव्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी पांढरा पट्टा बांधून मागच्या रांगेत उभे राहा, जुना बॅगेत. कोणता बांधायचा ते तिथले सर चार-आठ दिवसांत सांगतील. शोतोकानमधून शितो-र्‍यूमध्ये गेलात तर पहिल्याच आठवड्यात एक गंमत होईल: तुमचा हेइआन शोदान तिथे पिनान निदान म्हणून भेटेल, आणि तुमचा हेइआन निदान पिनान शोदान म्हणून. हेइआन हे पिनानचंच फुनाकोशींच्या परंपरेतलं नाव, आणि तिथे पहिल्या दोघांची अदलाबदल झाली ती तशीच राहिली. क्रम ओळखीचा वाटेल, स्टान्स मात्र वेगळे निघतील. तेव्हा पुन्हा नुसत्या पायांपासून सुरुवात करा, हात कमरेवर ठेवून.